कामाचा अनुभव आहे, पण मुलाखतीत उत्तरं मोघम होतात. तयारी नेमकी कशी करावी?

कोरी_वही

पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर मुलाखत आहे. पद गोदाम आणि डिस्पॅच विभागातल्या पर्यवेक्षकाचं. वेळ ४५ मिनिटं. समोर तिघं असतील: विभागप्रमुख, एचआर आणि खरेदी विभागातलं कोणीतरी.

काम येतं, अडतं ते सांगण्यात. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की रेझ्युमेच वरपासून खालपर्यंत वाचून दाखवल्यासारखं होतं. 'एखादा अवघड प्रसंग सांगा' म्हटलं की नेमका काहीच आठवत नाही. उदाहरणादाखल माझं एक उत्तर देते:

"आधीच्या ठिकाणी डिस्पॅचमध्ये खूप चुका व्हायच्या. आम्ही टीम म्हणून त्यावर काम केलं, प्रोसेस सुधारली आणि चुका बऱ्याच कमी झाल्या."

अशा उत्तरांवर 'मोघम' असा शेरा मिळतो. यात काय कमी आहे आणि उरलेल्या दिवसांत तयारी कोणत्या क्रमानं करावी? 'आत्मविश्वास ठेवा' याच्या पलीकडचं काही सांगितलंत तर बरं होईल.

---

शिसपेन्सिल

आधी पलीकडच्या बाजूला काय चाललेलं असतं ते बघा, म्हणजे शेऱ्याचा अर्थ लागेल.

जिथे मुलाखत नीट आखलेली असते तिथे पॅनलपुढे एक तक्ता असतो. पदाला लागणारे पाच-सहा गुण ठरलेले असतात, प्रत्येक गुणासाठी एक-दोन प्रश्न असतात, समोर १ ते ५ गुण द्यायची जागा आणि शेजारी 'पुरावा' लिहायला रिकामा रकाना. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. ही पद्धत उगीच आलेली नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा कामातल्या पुढच्या कामगिरीचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा आखीव मुलाखतीतून चांगला येतो असं दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. बऱ्याच पद्धतींचे आकडे खाली आले, पण आखीव मुलाखत सगळ्यांत वर राहिली.

आता तुमचं उत्तर ऐकून त्या रकान्यात काय लिहिता येईल? 'खूप', 'काम केलं', 'सुधारली', 'बऱ्याच'. लिहिण्यासारखं काहीच नाही. तुम्ही ते काम उत्तम केलेलं असेलही, पण पुरावा नसला की पॅनल मधला किंवा त्याखालचा गुण देऊन पुढे जातं. 'मोघम' म्हणजे एवढंच. तुमच्या हुशारीवर कोणी शंका घेतलेली नाही.

तयारी पदाच्या जाहिरातीपासून सुरू करा. तिचा प्रिंट काढा आणि क्रियापदांखाली रेघ मारा: साठा जुळवणे, शिफ्ट लावणे, वाहतूकदारांशी समन्वय ठेवणे, नव्या लोकांना शिकवणे, अहवाल देणे. त्यातून पाच-सहा गट पडतील. एका आडव्या कागदावर डावीकडे हे गट लिहा आणि प्रत्येकापुढे स्वतःच्या कामातले दोन प्रसंग. एकच प्रसंग तीन ठिकाणी बसला तरी चालतं. एकूण सात-आठ वेगळे प्रसंग पुरतात.

प्रसंग आठवत नाहीत याचं कारण बहुतेकदा असं की आपण 'मोठं यश' शोधत बसतो. त्याऐवजी स्वतःला हे विचारा: साठ्याचा हिशेब कधी जुळला नव्हता? गाडी निघायच्या वेळी माल तयार नव्हता असं कधी झालं? वरिष्ठांचं म्हणणं पटलं नाही आणि मी ते बोलून दाखवलं असं कधी घडलं? दोन सहकाऱ्यांचं बिनसलं तेव्हा कोणी मध्यस्थी केली? माझा निर्णय कधी चुकला? कोणाला शिकवून तयार केलं? जुने मेल, शिफ्टचे अहवाल, वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म चाळलेत की पुष्कळ हाताशी येईल. (जुन्या कंपनीची गोपनीय माहिती मात्र मुलाखतीत न्यायची नाही. ग्राहकांची नावं, दर, करार यातलं काही नाही.)

प्रत्येक प्रसंगाचे चार भाग करा: परिस्थिती, तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, गडबड होते ती प्रमाणात. लोक परिस्थितीवर दीड मिनिट घालवतात आणि स्वतःची कृती दोन वाक्यांत उरकतात. परिस्थिती आणि जबाबदारी मिळून २०-२५ सेकंद, कृती एक मिनिट किंवा थोडी जास्त, परिणाम १५-२० सेकंद. दोन मिनिटांच्या पुढे उत्तर गेलं की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं, शिवाय बाकीच्या प्रश्नांचा वेळ खाल्ला जातो. ४५ मिनिटांत ओळख, तुमचे प्रश्न आणि इकडचंतिकडचं वगळलं तर खऱ्या उत्तरांना अर्धा तासच उरतो. म्हणजे सात ते नऊ प्रश्न. हा हिशेब डोक्यात असू द्या.

---

आडवी_ओळ

शिसपेन्सिल यांनी सांगाडा दिलाय. मी तुमचंच उत्तर उलगडून दाखवतो. आकडे आणि तपशील नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे खरे घाला.

'चुका' म्हणजे कोणत्या? डिस्पॅचमध्ये तीन प्रकार नेहमीचे: वस्तूच चुकली, संख्या चुकली, लेबल किंवा पत्ता चुकला. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. नुसतं 'चुका' म्हटलं की ऐकणाऱ्या विभागप्रमुखाला वाटतं, यांनी चुकांची वर्गवारीच केली नसावी. या पदासाठी तर ती पहिली पायरी.

मग उत्तर साधारण असं होईल:

"दर हजार ऑर्डरमागे साधारण नऊ ऑर्डर चुकीच्या जात होत्या आणि त्या कमी करायचं काम माझ्याकडे होतं. मी दोन आठवडे परत आलेल्या प्रत्येक पार्सलची नोंद चुकीच्या प्रकारानुसार ठेवली. निम्म्याहून जास्त वेळा वस्तूच चुकलेली होती, आणि त्यातही बहुतेक वेळा एकाच रंगाच्या खोक्यात येणाऱ्या दोन मापांची अदलाबदल. ती दोन्ही मापं शेजारच्या कप्प्यांत होती आणि माल उचलणारा माणूसच शेवटी तपासत होता, त्यामुळे एकदा चुकीचं वाचलेलं दुसऱ्यांदाही तसंच वाचलं जायचं. मी सारखी दिसणारी मापं वेगळ्या रांगांत हलवली, वस्तूआधी कप्प्याचा बारकोड स्कॅन करायचा नियम लावला आणि तपासणी दुसऱ्या माणसाकडे दिली. दोन महिन्यांत प्रमाण हजारी तीनवर आलं. स्कॅनिंगमुळे प्रत्येक ऑर्डरला थोडा वेळ जास्त लागायला लागला, म्हणून संध्याकाळच्या गाडीचा माल काढणं अर्धा तास आधी सुरू केलं."

शेवटचं वाक्य बघा. उपायाची किंमत काय पडली आणि ती कशी भरून काढली हे त्यात आहे. काम स्वतः केलेल्या माणसाला हे माहीत असतं. बाहेरून पाहिलेला माणूस फक्त 'चुका कमी झाल्या' इथे थांबतो, आणि पॅनलला हा फरक लगेच कळतो.

'आम्ही' बद्दल. कामाचं श्रेय एकट्यानं घेणं बरं दिसत नाही म्हणून आपण 'आम्ही' म्हणतो, आणि माणूस म्हणून ते चांगलंच आहे. पण पॅनल टीमला नेमणार नाही, तुम्हाला नेमणार आहे. 'नोंद मी ठेवली, कप्पे हलवायची कल्पना सहकाऱ्याची होती, मंजुरी मी घेतली' असं सांगितलंत तर कोणाचं श्रेयही जात नाही आणि तुमचा वाटा स्पष्ट होतो.

आकडा नक्की आठवत नसेल तर 'साधारण' म्हणा आणि तो कशावरून सांगताय ते सांगा. तोंडाला येईल तो आकडा सांगू नका. पुढचाच प्रश्न 'हे मोजलंत कसं?' असा येतो, आणि तिथे अडखळलात तर आधीच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास जातो.

---

हिरवी_शाई

माझा सल्ला सरळ आहे. नेहमीचे वीस प्रश्न घ्या, उत्तरं पूर्ण लिहून काढा आणि पाठ करा. ऐनवेळी घाबरलं तरी पाठ केलेलं तोंडातून येतंच.

---

शिसपेन्सिल

हिरवी_शाई, लिहून काढण्याला माझा विरोध नाही, विचार स्वच्छ होतात. पण पाठांतराला आहे. पाठ केलेल्या उत्तराचा एक धागा निसटला की पुढचं सगळंच जातं. शिवाय प्रश्न थोडा वळवून आला तरी माणूस पाठ असलेलंच उत्तर देतो. 'न पटलेला निर्णय अमलात आणावा लागला असा प्रसंग' विचारला आणि उत्तर आलं 'वरिष्ठांशी मतभेद झाला आणि मी त्यांना पटवलं' असं. विषय जवळचा, पण प्रश्नाचं उत्तर नाही. तक्त्यावर त्याला गुण मिळत नाहीत.

प्रसंगाचे पाच-सहा शब्द आणि आकडे लक्षात ठेवायचे, वाक्यं दर वेळी नवी येऊ द्यायची. आणि सराव वाचून करायचा नाही, न बघता मोठ्यानं बोलून करायचा. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग इथे लागू पडतो. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानं उलटं झालं, न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि वाचणाऱ्यांनाच 'आपल्याला येतंय' असं जास्त वाटत होतं. मुलाखतीच्या आदल्या रात्री नोट्स वाचून जो भरवसा वाटतो तो याच जातीचा.

दिवसांची वाटणी अशी करता येईल. पहिला दिवस जाहिरात आणि तक्त्याला. दुसरा आणि तिसरा प्रसंग शोधून चार भागांत बसवायला. चौथ्या दिवसापासून रोज चार-पाच प्रश्न चिठ्ठ्या उचलून, उभं राहून, मोठ्यानं. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना तीनच गोष्टी तपासा: किती वेळ लागला, 'मी काय केलं' कितव्या सेकंदाला सुरू झालं, आणि शेवट नीट झाला की 'तर असं आहे ते' म्हणत विरून गेला. सहाव्या दिवशी कोणालातरी समोर बसवून पूर्ण ४५ मिनिटांची रंगीत तालीम. त्या व्यक्तीला तुमच्या क्षेत्रातलं काही कळत नसेल तर उत्तमच. एचआरलाही गोदामातली परिभाषा कळतेच असं नाही.

'स्वतःबद्दल सांगा' हे उत्तर तेवढं आधी बांधून ठेवा, कारण ते बहुतेक येतंच. ६० ते ९० सेकंद. सुरुवात आत्ताच्या कामापासून: किती माणसं, किती माल, कोणती जबाबदारी. मग या पदाशी जुळणाऱ्या दोन गोष्टी, आकड्यासकट. शेवटी हेच पद का हवंय, एका वाक्यात. शाळा, घरची माणसं, छंद यातलं काही नको. रेझ्युमे त्यांच्या हातात असतोच.

---

पितळी_कडी

व्हिडिओवर आहे म्हणून थोडं त्याबद्दल. इथे उत्तरं चांगली असूनही मुलाखती बिघडतात.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला हवा. लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवला की पॅनलला हनुवटी आणि छत दिसतं, त्याखाली पुस्तकं रचा. उजेड समोरून. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा: चित्र अस्पष्ट असलं तर लोक चालवून घेतात, आवाज तुटला की दोन मिनिटांत कंटाळतात. लॅपटॉपच्या माइकपेक्षा वायरचे इअरफोन बरे. ब्लूटूथचे ऐनवेळी फोनला जोडले जातात किंवा त्यांची बॅटरी संपते.

आदल्या दिवशी त्याच ॲपमध्ये, त्याच लॅपटॉपवर, त्याच जागी एखाद्या ओळखीच्या माणसाला कॉल करून बघा. नुसतं ॲप उघडून बघणं पुरत नाही, कारण माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी बऱ्याचदा प्रत्यक्ष कॉलमध्येच मागितली जाते. अपडेट आदल्या दिवशीच उरकून घ्या. स्क्रीनवर दिसणारं नाव तपासा, घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी असू शकतं. फोनवर हॉटस्पॉट तयार ठेवा आणि मीटिंगची लिंक फोनवरही उघडून ठेवा. बोलावणाऱ्याचा फोन नंबर कागदावर लिहा. इंटरनेटच गेलं तर मेलमध्ये शोधत बसता येणार नाही.

व्हिडिओवर आवाज किंचित उशिरा पोचतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात जेमतेम पाव सेकंद जातो, आणि तो अंदाज व्हिडिओवर चुकतो. म्हणून दोघं एकदम बोलतात. प्रश्न संपला असं वाटल्यावर मनात 'एक' म्हणा आणि मग सुरू करा. तिघांच्या पॅनलमध्ये हे जास्तच लागतं, कारण एकाच्या प्रश्नाला दुसरा शेपूट जोडतो.

प्रसंगांचे शब्द मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवा. टेबलावर ठेवलेत तर प्रत्येक वेळी मान खाली जाईल आणि तुम्ही वाचताय हे दिसेल. पूर्ण वाक्यं लिहू नका, डोळे डावी-उजवीकडे फिरतात.

---

कोरी_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता करायला बसले तर सहा प्रसंग निघालेसुद्धा. आणखी विचारते: कमकुवत बाजू विचारली तर काय सांगावं? नोकरी सोडण्याचं कारण वरिष्ठांशी न पटणं हे आहे, ते कसं मांडावं? आणि पगाराची अपेक्षा? शिवाय उत्तर सुचलंच नाही तर?

---

आडवी_ओळ

कमकुवत बाजू खरी सांगा, कामातली सांगा, पण या पदाचा कणाच असलेली नको. गोदामाच्या पर्यवेक्षकानं 'हिशेबात घोळ होतो' म्हटलं तर संपलंच. 'मी परफेक्शनिस्ट आहे' हे तर पॅनलला इतक्या वेळा ऐकायला मिळतं की लिहूनही घेत नाहीत. 'काम दुसऱ्याला सोपवायला मी उशीर करते. त्यावर उपाय म्हणून शिफ्टच्या सुरुवातीलाच कोणतं काम कोणाकडे ते फळ्यावर लिहायला लागले, गर्दीच्या दिवशी अजूनही मधे पडायचा मोह होतो' असं काही. उणीव, उपाय, आणि अजून कुठे अडतं. यातला तिसरा भाग खरेपणा आणतो.

नोकरी सोडण्याचं कारण दोन वाक्यांत आटपा. खोटं बोलू नका, तक्रारही करू नका. 'कामाच्या पद्धतीबद्दल आमची मतं वेगळी होती. मला दिलेल्या जबाबदारीत निर्णय घेता येतील असं काम हवंय, आणि या पदाच्या जाहिरातीत ते दिसलं.' आणि थांबा. या प्रश्नावर माणूस जितकं जास्त बोलतो तितकं त्याच्या विरोधात जातं. खोदून विचारलंच तर एक ठोस मतभेद सांगा, तो कामाबद्दलचा असू दे, माणसाबद्दलचा नको.

पगाराचा विषय आधी त्यांनी काढू दे. विचारलं तर 'या पदासाठी काय पट्टा ठरवलाय?' असं शांतपणे विचारायला हरकत नाही. तरी त्यांनी आकडा मागितलाच तर देता आला पाहिजे. मुलाखतीला बसण्याआधीच तीन आकडे ठरवलेले असावेत: याखाली नाही म्हणायचं तो, समाधान होईल तो, आणि बोलणी सुरू करायचा तो. टव्हर्स्की आणि काहनेमन यांनी १९७४ मध्ये दाखवलंय की समोर आलेला पहिला आकडा पुढचे अंदाज आपल्याकडे ओढतो. म्हणून बाजारभाव माहीत असेल तर तुम्ही आधी आकडा सांगण्यात फायदा, माहीत नसेल तर नुकसान. पट्टा सांगितलात तर त्यातला खालचा आकडाच ऐकला जातो, तेव्हा खालचा आकडा मनापासून चालणारा हवा. सध्याचा पगार वाढवून सांगू नका, पगाराच्या स्लिपा मागितल्या जातात.

उत्तर सुचलं नाही तर 'थोडं आठवून सांगते' म्हणा आणि पाच सेकंद गप्प बसा. तुम्हाला तो वेळ फार मोठा वाटतो, पॅनल तेवढ्यात आधीचं लिहून घेत असतं. तसा प्रसंगच आयुष्यात आला नसेल तर तसं सांगा आणि 'आला तर मी असं करेन' म्हणून पायऱ्या सांगा. अर्धवट जुळणारा प्रसंग ओढूनताणून बसवण्यापेक्षा हे बरं.

---

पितळी_कडी

धडधडीबद्दल एक. 'शांत हो' असं स्वतःला बजावून फार उपयोग होत नाही, कारण शरीर आधीच तापलेलं असतं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्सुक आहे' म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं. सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी एक उत्तर मोठ्यानं बोलून घ्या, म्हणजे पहिल्या वाक्याला घसा बसल्यासारखा होणार नाही.

---

शिसपेन्सिल

तुमच्या प्रश्नांची वेळ येईल तेव्हा 'काही नाही' म्हणू नका. तिघं वेगळ्या विभागांतले आहेत, तर प्रत्येकाला त्याच्या कामातलं विचारा. विभागप्रमुखांना: पहिल्या तीन महिन्यांत काय बदललेलं दिसलं तर नेमणूक योग्य होती असं तुम्ही म्हणाल? खरेदी विभागाला: आलेला माल आणि त्यासोबतच्या चलनावरची (मालाच्या पावतीवरची) संख्या जुळत नाही तेव्हा आज निर्णय कोण घेतं आणि किती वेळात? हा प्रश्न गोदामात काम केलेलाच माणूस विचारतो. एचआरला: पुढचा टप्पा कोणता आणि कळवणार कधी? सुट्ट्या, घरून काम वगैरे प्रश्न ऑफर आल्यावर.

कॉल संपला की लगेच, दुसरं काही करायच्या आधी, विचारलेले प्रश्न आठवतील तसे लिहून काढा आणि जिथे अडलात तिथे खूण करा. दुसरी फेरी असेल तर बऱ्याचदा त्याच ठिकाणी पुन्हा खोदतात. चोवीस तासांच्या आत चार-पाच ओळींचा आभाराचा मेल पाठवा आणि बोलण्यात निघालेल्या एखाद्या ठोस मुद्द्याचा त्यात उल्लेख करा. मुलाखतीत एखादा आकडा चुकून वेगळा सांगितला गेला असेल तर तो याच मेलमध्ये एका ओळीत दुरुस्त करा, कारणमीमांसा न देता. त्यांनी दिलेल्या तारखेनंतर दोन कामाचे दिवस जाऊ द्या, मग एकदा विचारणा करा.